हिरव्या स्टिकरची नाकं

आबांच्या लेखी माणसाचं नाक हे मोजमापाचं एक साधन होतं, आणि साधन म्हटलं की त्याची तपासणी आली, तपासणीची तारीख आली आणि तारखेचं स्टिकर आलं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांनी पहिलं हिरवं स्टिकर चिकटवलं तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. सहा महिन्यांच्या प्रकल्पासाठी मी चाकणजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत आले होते. स्टिकरवर लिहिलं होतं, 'तपासले. पुढील तपासणी सोमवार.' खाली त्यांची बारीक सही.

"आता तू वापराया चालशील," ते म्हणाले.

हसावं की घाबरावं ते मला कळेना. मी घाबरले. ते मला जास्त सवयीचं होतं.

आबा म्हणजे ब्रुअरीच्या मालकांचे चुलते. महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कंपनीला गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती आबांना. तीस वर्षं ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेजच्या खोलीत होते. कामगार ज्या साधनांनी भाग मोजतात, ती साधनंच बरोबर आहेत का, हे तपासणारी ती खोली. ठरलेल्या दिवशी साधन तिथे यायचं. बरोबर निघालं तर हिरवं स्टिकर, चुकलं तर लाल. लाल स्टिकर लागलेलं साधन कुणी हातात धरायचं नाही, मग ते मोठ्या साहेबांच्या टेबलावरचं का असेना. आबा त्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण ती खोली काही त्यांच्यातून गेली नाही.

बिअर करायला त्यांना एका जर्मन इंजिनिअरने शिकवलं. तो त्यांच्या कारखान्यात मशीन बसवायला आला होता आणि चिंचवडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बादलीत बिअर करायचा. त्याचा थर्मामीटर दीड अंशाने चुकतोय हे आबांनी त्याला सांगितलं आणि दोघांची मैत्री झाली. "त्याची बिअर बिघडायची आन् तो पान्याला दोष द्यायचा," आबा सांगायचे. "म्हनलं, बाबा, पानी आमचं चांगलं हाय. तुजी काडी खोटी हाय." पुढे पुतण्याने रस्त्याकडेच्या उरलेल्या जागेत बार आणि मागे ब्रुअरी काढली, तेव्हा टाक्या आबांकडे आल्या. पुतण्याला सगळे भाऊ म्हणायचे. बार भाऊंचा आणि टाक्या आबांच्या, अशी वाटणी न बोलता झालेली होती.

रोज सकाळी दहाला, बार उघडायच्या आधी, लांब टेबलाशी चाखणारे बसायचे. बारमध्ये वाढणारे दोघे, हिशेब बघणारे एक काका, स्वयंपाकघरातल्या परभणीच्या मावशी आणि मी. प्रत्येकापुढे तीन ग्लास, तिन्हींत दोन-दोन घोट. दोन ग्लासांत एकच बिअर. तिसऱ्यात आबांनी पडद्यामागे काहीतरी थेंबभर मिसळलेलं. वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं आणि त्याच्यावरचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, शेजाऱ्याच्या भुवयांकडे बघायचं नाही. आठवड्यातल्या सहा दिवसांत चारदा बरोबर आलं तर सोमवारी हिरवं स्टिकर. नाहीतर लाल, म्हणजे त्या आठवड्यात टाकीतली बिअर चाखायची नाही. आणि टाकी बारच्या नळाला जोडायची तर हिरव्या स्टिकरच्या सगळ्यांनी 'ठीक' लिहिलेलं पाहिजे.

नियम पुष्कळ होते. आधी तासभर चहा नाही. कांदा नाही. गजरा नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. मला टेबलाशी बसवण्याआधी त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं, जन्मतारीख बोटांवर मोजली आणि बिअर चाखायचा सरकारी परवाना काढायला लावला. मग केसांकडे बघून म्हणाले, "त्येल बंद." मी खोबरेल तेल लावायचं सोडलं. आठवड्याभरात आई म्हणाली, "केसं कशी गं उदास झालीत तुझी?" मी म्हणाले, प्रोजेक्ट आहे.

मावशी बिअर पीत नसत. त्या तोंडात फिरवून स्टीलच्या पेल्यात थुंकायच्या आणि वर तोंडावर पदर धरायच्या. पण नाक त्यांचं सगळ्यांत तेज. एकदा आठवडाभर सर्दी झाली म्हणून त्यांना लाल स्टिकर लागलं, तेव्हा त्या आबांवर उखडल्या. "तीस माणसांचा सैपाक करते मी, त्याला कुनी लाल लावत न्हाई. अन् दोन घोटापायी तुमी मला बाद करता?"

"तुमाला बाद न्हाई केलं, मावशी. नाकाला केलं."

"नाक काय शेजारनीचं हाय?"

आबांनी त्यावर खूप विचार केला. स्टिकर मात्र काढलं नाही.

वासांना इंग्रजी शब्द वापरायला त्यांच्याकडे बंदी होती. मी पहिल्या दिवशी चिठ्ठीवर 'सिट्रस' लिहिलं होतं. पुस्तकात तसं होतं.

"ह्ये काय आसतं?"

"लिंबूवर्गीय, सर."

"सर शाळंत. तू खाल्लंस का ह्ये?"

"नाही."

"मंग काय खाल्लंस?"

"लिंबू. मोसंबी. गावाकडं ईडलिंबू."

"ईडलिंबू लिव."

भिंतीवर त्यांचा फळा होता, त्यावर आमच्या सगळ्यांचे वास लिहिलेले. ओलं गोणपाट. कोथिंबिरीची देठं. उन्हात ठेवलेलं प्लॅस्टिकचं पिंप. कुकरची पहिली वाफ. रबरी चपलेचा नवा जोड. कॉलेजात मला शब्द अडायचे. प्रेझेंटेशनला उभी राहिले की इंग्रजी वाक्य अर्ध्यावर थांबायचं आणि पुढच्या रांगेतली मुलं खाली बघायची, हसू नये म्हणून. इथे माझे शब्द फळ्यावर लागत होते. मला ते खरं वाटत नव्हतं. कुणीतरी येऊन पुसून टाकेल असं रोज वाटायचं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील लातूरकडचे, दापोडीत राहायला येऊन वीस वर्षं झाली, भोसरीच्या एका पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर आहेत. दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदलतो आणि ते नव्याने नवे होतात. ब्रुअरीत प्रकल्प मिळाला हे मी त्यांना चार दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

"दारूची कंपनी?"

"बिअरची, पप्पा. मी लॅबमध्ये. यीस्टवर."

त्यांनी भाकरी मोडली. मग विचारलं, "पर्मनंट करतेत का?"

भाऊंनी तसं सांगितलं होतं. प्रकल्प नीट झाला, आबांनी हो म्हटलं, तर लॅबची कायमची जागा. तेव्हापासून घरात दुसरं काही विचारलं गेलं नाही. रोज नाशिक फाट्यावरून चाकणची बस धरताना मला वाटायचं, आपण एक भरलेला ग्लास घेऊन गर्दीतून चाललोय आणि तो घरापर्यंत सांडायचा नाहीये.

बसमध्ये खिडकी मिळाली तर उघडी ठेवायची, हाही आबांचाच हुकूम. नाक मोकळं ठेवायचं आणि ओळखत यायचं. तापलेलं रबर, पुढे बिस्किटं, पुढे रंग, मग ओला पुठ्ठा. ब्रुअरीत पोचले की ते विचारायचे, "आज काय काय लागलं?" मी सांगायची आणि मनात भीती असायची की एखादा वास सुटला तर नसेल.

गुरुवारी दुपारी ते आम्हाला दोघादोघांना घेऊन दुसऱ्यांच्या बिअर चाखायला जायचे. बालेवाडीकडचे काचेचे बार, हिंजवडीतल्या ब्रुअऱ्या, पिंपरीतला एक जुना परमिट रूम. स्वतःचा ग्लास पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पिशवीत. बारमध्ये शिरलं की आधी ते संडास बघून यायचे. "जो संडास धूत न्हाई त्यो नळाची पाइप काय धुनार," म्हणायचे. मग बिअर ओतून घ्यायची आणि काचेला आतून बुडबुडे चिकटतात का बघायचे. चिकटले तर ग्लास तेलकट. तसं ते वेटरला सांगायचेही, मोठ्याने, आपलं कर्तव्य असल्यासारखं.

पिंपरीच्या परमिट रूममधला वेटर एकदा वैतागला. "काका, बिअर प्यायला आलाय का तपासायला?"

"तपासाया. प्यायला आमच्याकडं हाय."

"मग घरीच तपासायची ना राव. गिऱ्हाईक ऐकतंय."

"आयकू दे की. त्यांच्याबी ग्लासाला बुडबुडं हायत."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी खरंच ग्लास उचलून उजेडात धरले. मालक गल्ल्यावरून उठला. आबांनी शांतपणे आपला ग्लास फडक्यात गुंडाळला आणि आम्ही बाहेर पडलो. मी तेवढा वेळ कॉलेजचं ओळखपत्र कुडत्यावर नीट दिसेल असं काढून बसले होते, म्हणजे दापोडीतलं कुणी दिसलंच तर त्याला कळावं की हा अभ्यास आहे.

आंबेमोहोराची बिअर ही आबांची स्वतःची. मावळातला तांदूळ जवासोबत शिजवायचा, थंडीत सावकाश आंबवायची. पहिल्यांदा ती टाकी चाखायला आमच्यापुढे आली तेव्हा चिठ्ठी लिहायची कुणाला घाईच नव्हती. मी नाक ग्लासात घातलं आणि मला आमच्या दापोडीच्या खोलीत बसल्यासारखं झालं. रविवार, पातेल्यावरचं झाकण काढलंय, आई वाढतेय. मी चिठ्ठीवर 'उत्तम' लिहिलं. सगळ्यांनी तसंच लिहिलं. मावशींना लिहायचा कंटाळा, त्यांनी बोलूनच टाकलं. "भातावर साजूक तूप सोडल्यागत हाय! ही एक बिअर मी गिळली बगा."

आबांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तूप कुनी घातलं हुतं ह्यात?" ते म्हणाले. "म्या? न्हाई. मंग आलं कुठनं?"

तेव्हा मला पुस्तकातलं पान आठवलं. डायअसेटिल. यीस्टचं काम अर्धवट राहिलं की बिअरमध्ये लोण्यातुपाचा वास उतरतो. तो दोष आहे. मी त्याच्यावर परीक्षेत सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण तो भाताच्या वासावर येऊन बसला आणि आम्ही सगळे ताटावर बसलो.

"तुमाला बिअर न्हाई आवडली," आबा म्हणाले. "जेवान आवडलं."

"मग बिघडलं काय त्यात?" मावशी म्हणाल्या.

"बिघडलं काय त्ये पुढच्या टायमाला कळनार न्हाई, ह्ये बिघडलं."

त्यांनी टाकी थोड्या उबेत आणखी चार दिवस ठेवली. आपलं अर्धवट काम यीस्ट आपणच पुरं करतं. चार दिवसांनी तूप गेलं होतं आणि मागे नुसता आंबेमोहोर राहिला होता. खरं सांगायचं तर आम्हाला आधीची जास्त आवडली होती. कुणी बोललं नाही. तूप गेलेल्या बिअरच्या काही बाटल्या आबांनी नमुना म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या, कारखान्यात ठेवतात तशा.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला पडद्यामागे नेलं. वेगवेगळ्या वासांच्या थेंबांच्या बाटल्या दाखवल्या, आकड्यांची वही दिली.

"आता मिसळायचं काम तुजं. मी बसनार टेबलाला."

"तुम्ही कशाला, आबा?"

"मला आजवर कुनी तपासलंच न्हाई. म्या मिसळायचं, म्याच सांगायचं. तपासनाऱ्याला बी कुनीतरी तपासाया पायजे. तुज्या आदी हितं कुनाला येत नव्हतं."

तिथून पुढे चिठ्ठ्या गोळा करायच्या, बरोबर-चूक वहीत मांडायचं आणि सोमवारची स्टिकरं लावायची, हे काम माझ्याकडे आलं. आबांच्या ओळखपत्रावरही आता माझी सही असायची, माझ्यावर त्यांची. महिनाभर त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही.

मग एका सकाळी चुकलं.

मला पहिल्यांदा वाटलं, ग्लास मांडताना माझीच अदलाबदल झाली. मी घाईत होते, बस मोशीला अडकली होती. माझ्या चुकीसाठी त्यांना चूक कशी द्यायची? मी वहीत 'बरोबर' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक ग्लास दोनदा पाहून मांडला. त्यांनी तिन्ही हुंगले, घोट घेतले, ठामपणे आकडा लिहिला. चूक. तुपाच्या वासाचा थेंब होता, मी तिप्पट टाकला होता. मला वाटलं सर्दी असेल. पुन्हा 'बरोबर' लिहिलं. आता कालचंही खोटं ठरू नये म्हणून.

पुढचे तीन आठवडे मी रोज आबांची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी उघडायची. मधे एखादा दिवस त्यांचं बरोबर यायचं आणि मी मनात म्हणायची, गेलं एकदाचं. पण तीन ग्लासांतला एक डोळे मिटून उचलला तरी कधी ना कधी बरोबर येतोच, हे मला माहीत होतं. सोमवारी त्यांच्यापुढे उभी राहून मी हिरवं स्टिकर लावायची. ते मान वाकवून ओळखपत्र पुढे करायचे, शाळेत बिल्ला लावून घेणाऱ्या मुलासारखे. त्यांच्या चुकीच्या चिठ्ठ्या मला फाडवत नव्हत्या. मी त्या बॅगेत, कंपासपेटीत ठेवत होते.

मी कुणाला सांगणार होते? भाऊंना सांगितलं तर आबा टेबलावरून उठणार. आबांना सांगितलं तर माझी वही खोटी आहे हेही सांगावं लागणार. आणि घरी वडील एक दिवसाआड विचारत होते, कागद कधी देणार म्हणतेत?

त्याच दिवसांत भाऊंनी शनिवार दुपारचा मोठा चाखण्याचा कार्यक्रम ठरवला. पुण्यातून साठ पाहुणे, बारच्या फलकावर आंबेमोहोराची दुसरी टाकी. गुरुवारी ती टेबलावर आली. मावशी मुलीच्या बाळंतपणाला परभणीला गेल्या होत्या. मी ग्लास नाकाशी नेला आणि पहिल्याच हुंगण्यात तूप. त्या वेळेपेक्षाही जास्त.

मी वर पाहिलं. तिघं खुशीत लिहीत होते. आबांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी मान खाली घातली. त्यांच्या चिठ्ठीवर होतं, 'ठीक. एकदम स्वच्छ.'

माझ्या चिठ्ठीवर मी 'ठीक' लिहिलं.

शुक्रवारी बसमध्ये मी खिडकी बंद करून बसले. ब्रुअरीत गेल्यावर इतरांना म्हणाले, आज फक्त आबांची तपासणी आहे. फ्रीजमधली नमुन्याची बाटली काढली. दोन ग्लासांत ती, तिसऱ्यात टाकीतली. ग्लास मांडताना टेबलावर बिअर सांडली आणि मला ते पुसून पुन्हा मांडावं लागलं.

आबांनी सावकाश हुंगलं. घोट घेतले. चिठ्ठी लिहिली, घडी घातली, माझ्या हातात दिली. मी ती घेऊन रोजच्यासारखी पडद्यामागे गेले नाही. तिथेच उघडली.

"चूक आहे, आबा."

"कुठली चूक?"

"तिसरा वेगळा होता. कालच्या टाकीतला. त्याला तूप आहे."

"काल सगळ्यांनी ठीक लिवलंय." ते माझ्याकडे बघत होते. "तू बी लिवलंस."

"मी खोटं लिहिलं."

मग मी कंपासपेटी काढली. चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या एकेक उचलल्या, तारखेप्रमाणे लावल्या, कडा सारख्या केल्या.

"बारा," ते म्हणाले. "बरोबर किती आल्या?"

"पाच."

"पाच तर झोपंत बी येतात."

त्यांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर रिकामा ग्लास ठेवला.

"तीन आठवडं मला वाटत हुतं," ते म्हणाले, "आता हात बसला. एकाबी टाकीत खोट लागंना. म्हनलं, उशिरा का व्हयना, जमलं."

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही, समजावलंही नाही. रडणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"नाक ग्येलं त्ये ग्येलं. झिजतंच. पन तुला हितं कशापायी बसवलं हुतं?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं आसतं," आबा म्हणाले. "मंग?"

मी टेबलावरचे ग्लास गोळा करायला लागले.

त्यांनी खणातून लाल स्टिकरं काढली. एक स्वतःच्या ओळखपत्रावर लावलं. दुसरं मला लावलं, अंगठ्याने नीट दाबून. मग पुतण्याला फोन केला.

भाऊ आले ते चिडूनच. ग्लास हुंगला आणि म्हणाले, "काका, काय वाईट आहे यात? लोक वेडे होतील. तूप-भात नाव ठेवू बिअरचं."

"ठिव. पन जानूनबुजून केलेली आसंल तर. ही झालेली हाय."

"साठ माणसं येणारेत उद्या!"

"त्यांना सांग, चार दिसांनी या."

"आणि तुम्ही ठरवणार कोण आता? तुम्हाला तर वासच येत नाही ना?"

हे बोलून भाऊंनाच कसंतरी झालं. आबा म्हणाले, "म्हनून तर मी न्हाई ठरवत. ही सांगती हाय." आणि माझ्याकडे बोट केलं. माझ्या छातीवर लाल स्टिकर होतं. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "तूप आहे, भाऊ." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

शनिवारी फलकावर आंबेमोहोरापुढे 'अजून तयार नाही' असं लिहिलेलं होतं. पाहुण्यांनी बाकीच्या तीन बिअर प्यायल्या. काही कुरकुरले. एका गृहस्थांनी भाऊंना मोठ्याने विचारलं की मग बोलावलंत कशाला, आणि भाऊ सगळी दुपार माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी आबांना तपासून वयाचं कारण सांगितलं. टाकी 'ठीक' आहे का हे ठरवायचं काम परत आलेल्या मावशींकडे गेलं. आबा टाक्यांचं तापमान आणि वेळ तेवढी सांभाळू लागले. पण रोज दहाला ते तीन ग्लास घेऊन बसायचेच. रोज चिठ्ठी लिहायचे आणि मी रोज जे असेल ते वहीत मांडायची. बहुतेक वेळा चूक असायचं. "लिव," ते म्हणायचे, "लिव चूक," आणि पलीकडे जाऊन झडपा तपासायचे. मावशी एकदा मला हळूच म्हणाल्या, "कशाला बसवतीस गं त्यांना? जीव तुटतो माझा." मी म्हणाले, मी बसवत नाही, तेच बसतात.

प्रकल्प संपला तेव्हा भाऊंनी सांगितलं की लॅबच्या जागेचं सध्या जमणार नाही. वाईट बोलले नाहीत. लेटरहेडवर छान इंग्रजीत प्रमाणपत्र दिलं. मी प्रामाणिक, मेहनती आणि विश्वासू असल्याचं त्यात होतं. आबांनी स्वतः वेगळा कागद लिहिला, मराठीत, निळ्या शाईने, गेजच्या खोलीतून साधनाबरोबर जातो तसा. 'आली तेव्हा : नाक चांगले. बोलायला घाबरते. मधल्या काळात : बारा नोंदी खोट्या केल्या, एका टाकीवर खोटा शेरा दिला. दुरुस्ती : कुणी न पकडता स्वतः सांगितले. गेली तेव्हा : अजून घाबरते. नोंद बरोबर ठेवते. वापरायला चालेल.' खाली तारीख आणि सही.

"ह्यो कुनाला दाखवायचा का न्हाई त्ये तुजं तू बग," ते म्हणाले.

घरी मी वडिलांना भाऊंचा कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, मागे काही लिहिलंय का म्हणून. आबांचा कागद दाखवायला मला आठ दिवस लागले. त्यांनी तो अक्षर लावून लावून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे कुनाला दावू नको बाई." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कंत्राटावर वीस वर्षं काढलेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं.

गेल्या महिन्यात भोसरीतल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत मुलाखत होती. टेबलापलीकडे एक वयस्कर बाई होत्या, केसांत एक पेन खोचलेलं. माझे मार्क पाहून झाले. मग त्यांनी विचारलं, "कामाचा अनुभव? काही कागद आहे?"

फाइलमध्ये दोन्ही कागद होते. भाऊंचा वर होता. मी तो बाजूला केला. असं का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकंच आठवतं की त्या तीन आठवड्यांतली कंपासपेटी डोळ्यांपुढे आली आणि वाटलं की ह्या खोलीत पुन्हा तसं बसायचं नाही. मी खालचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'मधल्या काळात'पाशी त्या थांबल्या. वर माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. मग कागद टेबलावर सरळ ठेवला आणि केसांतलं पेन काढलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलेलीच होते.